पाच दिवसांचा पायलट लॉट

माझ्या वडलांचं नाव समाधान, आणि तेच त्यांचं कधी होत नाही. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. दिवसभर पार्ट मोजायचे आणि त्यात खोट काढायची, यासाठी कंपनी त्यांना पगार देते. आता कंपनीचं काम कंपनीत ठेवून यावं की नाही माणसानं? पण लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं की तुझी पोळी एका कडेला जाड असते. आई म्हणाली, "मग तुम्हीच लाटा." झाली त्याला अठरा वर्षं. आकुर्डीत आमच्या घरी पोळ्या अजून पप्पाच करतात. आईचं नाव रश्मी. ती कमी बोलते, पण बोलते ती असं.

मी विजयश्री, वय सोळा. जन्मापासून माझं आणि माझ्या पायांचं पटत नाही. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी आधार, आहे आणि काखेत दोन कुबड्या. तोंड मात्र नीट चालतं, जरा जास्तच चालतं, असं आमच्या बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात लिहून ठेवलंय. दहावीला एक्याऐंशी टक्के पडले तसं मी जाहीर केलं की मी कऱ्हाडला सरकारी कॉलेजात डिप्लोमा करणार आणि तिथंच वसतिगृहात राहणार.

पप्पा मूळचे धाराशिवकडचे, रागावले की गावाकडचं बोलतात. म्हणाले, "आकुर्डीत पावलापावलाला कॉलेज हाय. कऱ्हाडात काय ठेवलंय?"

कऱ्हाडात काही ठेवलेलं नाही. पण आकुर्डीत पप्पा आहेत. गैरसमज नको, माझा लय जीव आहे त्यांच्यावर. पण मी खुर्चीतून उठायला लागले की हा माणूस बाथरूममधून तोंडाला साबण तसाच घेऊन पळत येतो. माझा तोल जरा गेला की मी जमिनीवर पोचायच्या आत त्यांनी मला उचललेलं असतं. शाळेच्या सहलीला ते आले. शेजारच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला आले आणि दारात चपलांपाशी बसून राहिले. सोळा वर्षांत मी एकटी अशी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये बसलेय, आणि तेव्हाही ते गेटवर होते.

आठ दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी पप्पांनी तोडगा काढला तो त्यांच्या कंपनीतला. "पायलट लॉट काढू," म्हणाले. नवीन पार्ट आला की कंपनी आधी थोडासाच माल करून बघते, त्याला पायलट लॉट म्हणतात. तो पास झाला तर पुढं गाडी चालू, नाही तर बंद. माझा पायलट लॉट म्हणजे मोशीतलं पाच दिवसांचं निवासी शिबिर. नाव 'उद्याचे नेते', आणि जाहिरातीत खाली बारीक अक्षरात 'दिव्यांग मुलामुलींसह'. अट अशी की पाच दिवसांत पडायचं नाही, रडून फोन करायचा नाही आणि कुणाची तक्रार येता कामा नये. तिन्हीतलं एक जरी झालं तरी लॉट रिजेक्ट आणि ॲडमिशन आकुर्डीत.

"आणि तुम्ही तिकडं यायचं नाही," मी म्हणाले.

"न्हाई येत."

"आईची शपथ घ्या."

"मला कशाला मध्ये घालताय," आई म्हणाली. पण पप्पांनी शपथ घेतली.

शिबिर होतं अर्जुनरावांच्या मंगल कार्यालयात. अर्जुनराव मोशीचे जुने शेतकरी. जिथं त्यांचा कांदा निघायचा तिथं आता स्टेज आहे आणि नवरीची खोली आहे. यंदा अधिक महिना आल्यामुळं ऐन मे महिन्यात लग्नं बंद होती आणि कार्यालय ओस पडलं होतं, म्हणून शिबिराला जागा मिळाली. शिबिराच्या प्रमुख उत्कर्षा मॅडम पुण्याहून आलेल्या. मनानं फार चांगल्या, पण बोलायला लागल्या की वाटायचं समोर माईक आहे.

पहिल्या सकाळी आम्ही अठ्ठावीस पोरंपोरी आणि आमचे आईबाप हॉलमध्ये जमलो. मॅडमनी प्रत्येकाच्या मनगटाला रिबन बांधली. तेवीस जणांना हिरवी, आणि आम्हा पाच जणांना पिवळी. पिवळ्यात मी होते, आणि माझ्या शेजारी चिंचवडचा प्रज्वल होता. त्याला ऐकू येत नाही, ओठ वाचतो आणि खुणांनी एवढं बोलतो की ऐकू येणाऱ्यांना धाप लागते.

सगळ्या बापांच्या माना आमच्या मनगटांकडं वळल्या. मॅडमना कळेना काय झालं. त्यांना कळणार कसं, त्या कंपनीत कधी गेल्याच नव्हत्या. आणि समोर बसलेले सगळे बाप भोसरी-चाकणच्या कंपन्यांतले. तिथं लहान पोराला विचारा, हिरवा टॅग म्हणजे माल ओके. लाल म्हणजे भंगार. आणि पिवळा म्हणजे रीवर्क, माल सदोष आहे, बाजूला काढा, दुरुस्त करा, परत तपासा. मागून कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा, "रीवर्क हाय वाटतं."

पप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली मला मागून दिसली, कारण त्यांचे कान लाल होतात. ते उठले. "मॅडम, हिला पिवळं कशापायी?"

मॅडम हसून म्हणाल्या, "दादा, पिवळा म्हणजे सूर्याचा रंग. या मुलांकडे आपण थोडं जास्त लक्ष देणार आहोत."

"म्हंजे रीवर्क."

मॅडमना वाटलं पालकांनी विषय समजून घेतलाय. उत्साहानं म्हणाल्या, "अगदी बरोबर. वर्क, रीवर्क, पुन्हा रीवर्क. पाच दिवसांत बघा तुम्हाला फरक दिसेल."

पप्पांनी माझी बॅग उचलली. शिबिर सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती आणि माझं कऱ्हाड निघालं होतं दारातून बाहेर. मी कुबड्या टेकत त्यांना आडवी गेले. "पप्पा, तुमच्या कंपनीत माल गेटवरनंच परत पाठवतात का? आधी तपासतात ना?"

ते थांबले. कामाच्या पद्धतीवर बोट ठेवलं की हा माणूस हलत नाही. बॅग खाली ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मोटरसायकलचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकत उभी राहिले, आणि मग खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

पहिला दिवस बरा गेला. एकच ताप, करिष्मा दीदी. ही ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, स्वयंसेवक म्हणून आलेली, आणि पिवळ्या रिबनी तिच्या ताब्यात. मी उभी राहिले की ही माझं कोपर धरायची. आता कुबडीवर चालणाऱ्या माणसाचं कोपर धरणं म्हणजे सायकल चालवणाऱ्याचं हँडल धरणं. तिच्या मदतीनं मी दोनदा पडता पडता वाचले. दर अर्ध्या तासानं विचारायची, "विजू, बाथरूमला जायचंय?" तिसऱ्यांदा मी म्हणाले, "दीदी, तुम्हाला जायचं असेल तर जाऊन या, मी लाजणार नाही." मग जरा बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात पोळ्या आल्या आणि माझा घास तोंडातच राहिला. पहिल्या दिवशीच्या पोळ्या म्हणजे प्रत्येकीची तऱ्हा वेगळी होती, एक नकाशा, एक पापड. आज सगळ्या गोल. एकसारख्या, एका जाडीच्या, कडेपर्यंत. मी शेजारच्या ताटातली पोळी उचलून माझ्या पोळीवर ठेवली. तंतोतंत बसली.

मी प्रज्वलला खूण केली आणि त्याला भटारखान्याकडं पाठवलं. तो जाऊन आला आणि त्यानं मला सगळं करून दाखवलं. डोक्याला फडकं, कमरेला ॲप्रन, हातात लाटणं, आणि लाटलेली पोळी डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून कड बघणारा माणूस. त्याचं बघून झालं आणि मी कपाळावर हात मारला.

नंतर कळलं ते असं. अर्जुनरावांचा आचारी लग्नं नाहीत म्हणून गावी गेलेला. पप्पा गाडी चालू करून वेशीपर्यंत गेले, परत फिरले, मागच्या फाटकातून आत आले आणि अर्जुनरावांना म्हणाले, पोळ्या येतात मला, काम आहे का? अर्जुनराव म्हणाले, "व्हय, लाग की." पहिल्या दिवशी नुसती कणीक मळायला बसवलं, दुसऱ्या दिवशी लाटणं हातात दिलं. कंपनीत रजा टाकली आणि आईला सांगितलं की ओव्हरटाइम आहे.

बोंब मारली असती तर शपथ त्यांनी मोडली आणि भांडण मी केलं असं झालं असतं, आणि भांडण म्हणजे तक्रार. हुकमाचं पान हातात असलं की लगेच टाकू नये. पण सोडले मात्र नाहीत त्यांना. रात्रीच्या जेवणाला करिष्मा दीदीबरोबर निरोप पाठवला, "आचाऱ्याला सांगा, पोळी मधे कच्ची राहतेय." कच्ची बिच्ची काही नव्हती. दीदी येऊन म्हणाली की आचारी फार मनाला लावून घेणारा आहे, बिचारा शंभर पोळ्या उलटसुलट करून बघत बसलाय.

तिसऱ्या दिवशी आमरस होता, आणि माशी तिथं शिंकली. मॅडमचा नियम होता की पिवळ्या रिबनीवाल्यांना आधी वाढायचं. आमरसाचं पातेलं जसं खाली जाईल तसं त्यात पाणी वाढतं हे लग्नांत जेवलेल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. दुपारच्या जेवणाला बघतो तर बारा पिवळ्या रिबनी. एकानं शिबिरातच असलेल्या बहिणीची केसांची रिबन आणलेली, दोघांनी स्टेजच्या झालरीतून फाडलेल्या. संध्याकाळपर्यंत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पिवळे. हॉलमध्ये एकही ओके माल उरला नाही.

उत्कर्षा मॅडम आत आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचे डोळे भरले. "मुलांनो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतःहून केलंत? आपल्या मित्रांसाठी?" पोरांनी माना खाली घातल्या. मॅडमना वाटलं नम्रपणा आहे. त्यांनी सगळ्यांचा फोटो काढून कुठंतरी पाठवला आणि आमरस पुन्हा करायला सांगितला. आत भटारखान्यात कुणीतरी जोरात नाक शिंकरलं. ते कोण हे मला माहीत होतं, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्यावर चिडता येईना.

चौथा दिवस नेतृत्वाचा. खेळ असा की सगळ्यांचे डोळे बांधायचे, एकामागं एक खांद्यावर हात ठेवून रांग करायची आणि एकट्या लीडरनं डोळे उघडे ठेवून ती रांग कार्यालयाला वळसा घालून परत स्टेजपाशी आणायची. स्वयंसेवकांनी मध्ये यायचं नाही. चिठ्ठीत नाव निघालं माझं. करिष्मा दीदीचा चेहरा पडला, पण नियम मॅडमचा. ती घड्याळ घेऊन स्टेजपाशी बसली. प्रज्वलचे डोळे बांधले तर त्याला काहीच कळलं नसतं, म्हणून तो डोळे उघडे ठेवून शेवटी.

निघालो. माझ्या खांद्यावर मागच्या मुलीचे हात, तिच्या मागं सव्वीस जण. "डावीकडं. पायरी आहे, खाली. आता सपाट." मला वाटलं होतं मला हळू चालायची लाज वाटेल. पण डोळे बांधलेल्या माणसांना माझाच वेग बरोबर वाटत होता. कुणी ढकललं नाही, कुणी थांबा म्हणालं नाही. सत्तावीस माणसं माझ्या चालीनं चालत होती, आणि मला इतकं भारी वाटत होतं की मी खाली बघायचं विसरले.

भटारखान्याच्या मागं भांडी घासायची मोरी आहे. तिचं पाणी फरशीवर आलेलं. उजवी कुबडी सटकली आणि मी पडले, चांगली दणकन.

रांग थांबली. मागून आवाज आला, "काय झालं?"

"काही नाही," मी खालून म्हणाले. "जागेवर थांबा. पट्टी कुणी काढायची नाही. लीडर विचार करतेय."

आणि भटारखान्याच्या दारातून पप्पा आले. दोन्ही हात कणकेनं भरलेले, डोक्याचं फडकं सुटलेलं, चेहरा पांढरा. चार ढांगांत माझ्यापर्यंत पोचले असते. मी हात वर केला आणि आवाज न करता नुसते ओठ हलवले. "थांबा."

ते थांबले. कसे थांबले त्यांचं त्यांना माहीत. दोन हात लांब उभे, हात पुढं केलेले तसेच, आणि बोटांवरून कणीक फरशीवर पडतेय.

मी उठायला लागले. आधी कुबडी ओढून घ्यायची. मग कुशीवर वळायचं, मग गुडघ्यांवर. मग चांगला पाय रोवायचा आणि दोन्ही हातांनी कुबडीवर चढत चढत वर यायचं, कॅलिपरचं गुडघ्यापाशी असलेलं कुलूप खट्ट वाजेपर्यंत. हे मी सहावीत शाळेच्या बाथरूममध्ये शिकले, एकटी, कारण तिथं कुणी नव्हतं. दिसायला काही बरं दिसत नाही. पहिल्या खेपेला पाय परत घसरला आणि पप्पांच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. दुसऱ्या खेपेला उभी राहिले. तीनचार मिनिटं तरी गेली असतील. घाम पुसला आणि त्यांच्याकडं बघितलं तर ते रडत होते, पण चेहरा रडण्याचा नव्हता, काहीतरी नवीनच बघितल्यासारखा होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोळा वर्षांत त्यांनी मला पडताना शंभरदा बघितलं होतं. उठताना एकदाही नाही. तेवढा वेळच त्यांनी कधी जाऊ दिला नव्हता.

"डावीकडून," मी रांगेला म्हणाले, "इथं ओलं आहे." सगळे पप्पांच्या शेजारून गेले. शेवटी प्रज्वल होता, त्यानं सगळं पाहिलेलं. जाता जाता त्यानं पप्पांना हातानं खूण केली, पोळी उत्तम.

पण मी पडले होते. अटीतली पहिलीच अट. आणि पडले ते खुद्द इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पाचव्या दिवशी समारोप. आईबाप जमले. आई एकटीच बसनं आली. पप्पा मागच्या फाटकातून बाहेर पडून, इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या फाटकातून आताच आल्यासारखे आत आले आणि आईशेजारी बसले. सगळं ठीक पार पडलं असतं, पण अर्जुनराव पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. त्यांनी हॉलभर ऐकू जाईल असा आवाज दिला, "आरं आचारी, हितं काय पाव्हण्यावानी बसलाय? आमी काय कणीक मळायची व्हय?"

आईनं पप्पांकडं बघितलं. मग त्यांच्या नखांकडं बघितलं, त्यांत कणीक होती. "ओव्हरटाइम," ती म्हणाली. एवढंच.

पप्पा गडबडून उभे राहिले, तर मॅडमना वाटलं गृहस्थांना बोलायचंय. त्यांनी माईक पप्पांच्या हातात दिला. आजवर पप्पांनी हातात माईक धरला नव्हता. त्यांनी खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला. आडव्या उभ्या रेघा मारलेला, त्यांचा तपासणीचा तक्ता.

"मी विजयश्रीचा बाप," ते म्हणाले. "पाच दिवस मागं लपून बसलो हुतो. हिची अट हुती पडायचं न्हाई. काल ती पडली. हितं लिव्हलंय, पडणं एक."

मी आईकडं बघितलं, ती कागदाकडं बघत होती.

"कंपनीत वीस वर्षं हेच करतोय," पप्पा म्हणाले. "काय काय बिघडू शकतं त्याचा एक एक रकाना करायचा. हिचाबी केला. पडणं, रडणं, तक्रार, जेवण, औषध. काल ती उठली. माझ्यासमोर उठली. ते लिव्हायला गेलो तर रकानाच न्हाई." ते कागद परत घडी करायला लागले, पण घडी जमेना. "ती ऱ्हायली पाच दिवस. मीच एक तासबी ऱ्हाऊ शकलो न्हाई. म्हंजे नापास कोण झालं ते तुमीच बघा. कऱ्हाडचा फारम भरू आपण."

मला खूप बोलता येतं असं म्हणतात. त्या वेळी मी नुसती पुढं गेले, त्यांच्या हातातला कागद घेतला आणि घडी करून दिला. अर्जुनराव मागून म्हणाले, "आचारी ग्येला म्हना की आता," आणि सगळे हसले, म्हणून बरं झालं.

निघायच्या वेळी पप्पांनी नेहमीसारखी माझी बॅग उचलली. मी म्हणाले, "पप्पा, मी आणि प्रज्वल बसनं येतो. तुम्ही आणि आई गाडीवर व्हा पुढं."

"बसची पायरी उंच हाय," ते म्हणाले.

"आहे."

"गर्दी असती."

"असते."

त्यांनी बॅग प्रज्वलकडं दिली. पट्टा त्याच्या खांद्यावर नीट बसला का बघितलं, पुन्हा एकदा बघितलं, आणि मग हात काढून घेतला. आई मागं बसली. कार्यालयाच्या गेटमधून बाहेर पडलं की उजवीकडं आमचं घर आणि डावीकडं चाकण. पप्पांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही, मान ताठ धरली, आणि मागं न बघायच्या नादात गाडी घराऐवजी डावीकडं, रोजच्या सवयीनं कंपनीच्या रस्त्याला घेतली. आईला कळलं असणारच. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण वळा म्हणाली नाही.